उपसा सिंचन संस्थेची स्वतःची पवनचक्की: पावसाळ्यातली वीज उन्हाळ्यात कशी वापरावी?

नमस्कार. पाटण तालुक्यातील एका सहकारी उपसा जलसिंचन संस्थेचा मी सचिव आहे. वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभ्या राहून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, पण आमच्या गावाच्या पदरात जमिनीचे एकरकमी पैसे आणि रखवालदाराच्या चार नोकऱ्यांपलीकडे फारसे काही पडले नाही. म्हणून निदान एक यंत्र संस्थेच्या मालकीचे असावे, असा ठराव यंदाच्या वार्षिक सभेत मंजूर झाला आणि कच्चा आराखडा करण्याचे काम माझ्याकडे आले.

सभेत कोइमतूर जिल्ह्यातील ओडनथुराई ग्रामपंचायतीचा दाखला देण्यात आला. तिने २००६ साली बँकेचे कर्ज काढून ३५० किलोवॉटची पवनचक्की घेतली व गावाची गरज भागवून उरलेली वीज मंडळाला विकली. मात्र पंचायतीचे दिवे आणि नळपाणी बारमाही चालतात. आमचे पंप नेमके उलट. आषाढात पठारावर छत्री उघडता येत नाही, तेव्हा पंपघराला कुलूप असते. आणि चैत्रात पंप रात्रंदिवस चालतात, तेव्हा बांधावरच्या बाभळीचे पानही हलत नाही. वाऱ्याचा वेग निम्म्यावर आला की त्यातली ऊर्जा एक-अष्टमांश उरते, त्यामुळे ही तफावत किरकोळ नाही.

विद्युत नियम, २००५ प्रमाणे स्वयंवापराच्या प्रकल्पात वापरकर्त्यांची मालकी किमान २६ टक्के आणि वर्षभरातील निर्मितीपैकी त्यांचा वापर किमान ५१ टक्के असावा लागतो. सहकारी संस्थेच्या बाबतीत ही अट सभासदांनी मिळून पूर्ण केली तरी चालते. मालकीची अडचण नाही. पण विजेचे बँकिंग (जास्तीची वीज ग्रीडमध्ये जमा करून नंतर परत घेण्याची सोय) महिन्यापुरतेच मिळाले, तर जुलैची वीज एप्रिलला येणार नाही, ५१ टक्के भरणार नाहीत आणि स्वयंवापराला माफ असलेला क्रॉस सबसिडी अधिभार (सवलतीच्या ग्राहकांची तूट भरण्यासाठी बाहेरून वीज घेणाऱ्यांवर लावलेली आकारणी) डोक्यावर बसेल.

यावर गावातील दूध संस्थेला सभासद करून घ्यावे, असे मला सुचते. तिचे शीतकरण केंद्र बारमाही चालते. तिचा वापर आमच्या ५१ टक्क्यांत धरला जाईल का? शिवाय शेतीपंपाचा दर मुळातच सवलतीचा असल्याने खरी बचत दूध संस्थेचीच होणार. मग भांडवलाचा वाटा कोणत्या हिशेबाने ठरवावा? ज्यांनी असा करार प्रत्यक्ष केला आहे, त्यांनी कृपया सांगावे.

संस्थेची तीन वर्षांची वीजबिले माझ्याकडे आहेत. हवी असल्यास महिनावार आकडे देतो.