मदत हवी आहे: पत्त्यांच्या जादूत १४ आकडा बरोबर येतो, बाकीचे सगळे तोंडावर पाडतात

पिसलेला पत्ता (सोलापूर)

मंडळी, गेल्या रविवारी मामांच्या शेतात हुरड्याला गेलो होतो. तिथे सगळ्या पाहुण्यांदेखत माझी शोभा झाली. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत हीच माणसं आमच्या घरी उतरणार आहेत, त्याआधी हे निस्तरायचंय.

जादू अशी. कॅटातली कुठलीही २७ पानं घ्यायची. समोरच्यानं एक ओढून बघायचं, परत घालून पिसायचं आणि १ ते २७ मधला आवडता आकडा सांगायचा. मग पानं उघडी करत तीन रांगांत वाटायची, रांगेत नऊ. त्यानं फक्त आपलं पान कुठल्या रांगेत आहे ते सांगायचं. रांगा गोळा करायच्या, पुन्हा वाटायच्या, असं एकूण तीनदा. शेवटी पालथ्या गठ्ठ्यातून वरून मोजत गेलं की त्यानं सांगितलेल्या आकड्यावर त्याचंच पान निघतं.

निघायला हवं.

सांगितलेली रांग वर, मधे की खाली ठेवायची हे आकड्यावर ठरतं. आकड्यातून १ वजा करायचा आणि जे उरेल त्यात नऊ किती, तीन किती, सुटे किती ते बघायचं. पहिल्यांदा गोळा करताना सुटे, दुसऱ्यांदा तीन, तिसऱ्यांदा नऊ. शून्य असेल तर रांग वर, एक असेल तर मधे, दोन असतील तर खाली. हे मी पाठ केलंय.

नुसतं वाटत बसलं की लोक पेंगतात, म्हणून मी त्यात आकड्यांची बडबड घातली. तीन रांगांची नावं मराठी, कन्नड, तेलुगू. ‘तुमचं पान कुठल्या भाषेत बोलतंय?’ असं विचारायचं आणि शेवटी त्याच भाषेत मोजायचं. कन्नड ओंदु, एरडु, मूरु येतं. तेलुगू शेजारच्या आजींकडून शिकलो. शिवाय प्रत्येक आकड्याला एक शेरा. पाच सांगितला तर ‘पाचावर धारण बसली का?’, सातला ‘सात रस्त्यावर भेटू’, बाराला ‘माझेच वाजणार’, पंचवीसला ‘गद्धेपंचविशी सरली नाही अजून’. घरी सराव करताना मी कायम १४ घ्यायचो, कारण ‘पान नाही निघालं तर चौदावं रत्न दाखवा’ हे वाक्य मला फार आवडायचं. शंभरदा केलं असेल, एकदाही चुकलं नाही.

मामा पक्के वारकरी. त्यांनी ११ सांगितला. मी म्हटलं, ‘एकादशी! पण आज कुणाला उपाशी ठेवणार नाही.’ अकरावं पान उलटलं तर किलवरचा गुलाम. मामांचं होतं चौकटची सत्ती. मामा म्हणाले, ‘काय बे, एकादशीच्या घरी शिवरात्र!’ आणि सगळा हुरडा लोकांच्या नाकातून बाहेर.

नंतर मोजलं तर सत्ती सतराव्या जागी होती. घरी येऊन बघितलं: ५ मागितला तर पान २३ वर येतं, २० मागितला तर ८ वर. १४ अजूनही बरोबर. काय चुकतंय? आणि १९, २२, २३, २६ या आकड्यांना शेरे सुचत नाहीत, तेही सांगा.

कडक भाकरी

जोकर राहिला असेल कॅटात. नाहीतर हुरड्याची राख लागून दोन पानं चिकटली असतील.

पिसलेला पत्ता

तीनदा मोजली. २७ च आहेत.

जुना खेळिया

अहो, अशा युक्त्या चारचौघांत फोडू नयेत. आमच्या काळी एक युक्ती शिकायला गुरूच्या घरी वर्षभर पाणी भरावं लागे.

गणिताच्या बाई

काका, ही युक्ती फुटून दोनशे वर्षं झाली. जोसेफ झेरगॉन नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तिचं गणित मांडून ठेवलंय. त्यामुळे बोलू द्या.

पिसलेला पत्ता, तुमचेच आकडे बघा: ११ आणि १७, ५ आणि २३, २० आणि ८. प्रत्येक जोडीची बेरीज २८. म्हणजे पान वरून मोजून जिथे हवं तिथे ते खालून मोजून येतंय. आणि १४ मधोमध आहे, वरून मोजा नाहीतर खालून. त्यासाठी तिन्ही वेळा रांग मधेच ठेवायची असते, त्यामुळे वर-खालीचा प्रश्नच येत नाही. नेमक्या त्याच आकड्यावर तुम्ही शंभरदा सराव केलात!

चूक गणितात नाही, हातात आहे. रांगा तुम्ही उघड्या असतानाच गोळा करता ना? ‘वर’ म्हणून सांगितलेली रांग इतर दोन रांगांवर ठेवता आणि मग वाटण्यासाठी गठ्ठा पालथा करता. पालथा केला की वरची रांग गेली तळाला. अकराला दुसऱ्या वेळी वर ठेवायचं होतं, ती खाली गेली, दोनदा तीन म्हणजे सहा जास्त झाले, म्हणून ११ चे १७.

तेव्हा ‘वर’ हवी असेल ती रांग सगळ्यात आधी उचला, बाकीच्या दोन तिच्यावर टाका, मग पालथं करा. ‘खाली’ हवी असेल ती शेवटी उचलायची.

आणि लोकांसमोर वजाबाकी करू नका, चेहऱ्यावर दिसते. पहिल्या वेळी आकड्याला तीननं भागा: बाकी १ तर वर, २ तर मधे, काहीच उरलं नाही तर खाली. तिसरी वेळ तर सोपीच: १ ते ९ वर, १० ते १८ मधे, त्यापुढे खाली. दुसऱ्या वेळी त्या नऊच्या घरात आकडा पहिल्या तिघांत, मधल्या की शेवटच्या तिघांत एवढं बघायचं. तुमची ती बडबड इथे कामाला येते. शेरा मारून लोक हसतायत तेवढ्यात हिशेब उरकतो.

शेंगाचटणी

शेरे माझ्याकडून. २७ पानं म्हणजे २७ नक्षत्रं, हे कसं सुचलं नाही? १९ वं मूळ: ‘सासरेबुवांनी जरा लांब बसावं.’ २२ वं श्रवण: ‘कान देऊन ऐका.’ २३ वं धनिष्ठा, म्हणजे पंचक: ‘हे पान एकटं जाणार नाही, आणखी चार घेऊन जाईल.’ २६ ला नक्षत्र कशाला, झेंडावंदन करा.

पिसलेला पत्ता

बाई, दंडवत. आत्ताच बसून १ ते २७ सगळे आकडे करून बघितले, सगळे आले. फक्त २० ला हात चुकला, तोही बोलण्याच्या नादात. पंचकाचा शेरा आईला ऐकवला तर तिनं लाटणं उचललं, तो बाद.

एक नवीन लफडं मात्र झालंय. उत्साहाच्या भरात मामांना फोन केला, ‘या, आता कुठलाही आकडा सांगा.’ मामा म्हणाले, ‘अठ्ठावीस. विठोबा अठ्ठावीस युगं उभा आहे, तुझं पान का नाही उभं राहणार?’ आता २७ पानांत अठ्ठाविसावं कुठून आणू?

गणिताच्या बाई

२७ चा हिशेब करा, म्हणजे तिन्ही वेळा रांग खाली. पान तळाशी येईल. कॅटातली उरलेली २५ पानं शेजारी असतीलच. मोजायला घेण्याआधी त्यातलं एक गुपचूप गठ्ठ्यावर ठेवा.

शेंगाचटणी

आणि मामांना सांगा, अठ्ठाविसावं नक्षत्रही आहे. अभिजित.

पिसलेला पत्ता

ते एक पान गुपचूप ठेवणं काही जमत नाहीये, दोनदा बहिणीनं पकडलं. चादरीवर बसून करतो, पान मांडीखाली राहील. मामा परवा येतायत.