मदत हवी आहे: एलईडी हेडलाइटमध्ये पाणी साचतंय, भोक पाडावं की सिलिकॉन मारावं?

खाडीकाठ:
गाडी रत्नागिरीत, पावसाळाभर उघड्यावर. एलईडी प्रोजेक्टरचे हेडलाइट आहेत. डाव्या दिव्याच्या काचेला आतून टपोरे थेंब, आणि गाडी हलली की तळाशी पाणी डुलताना दिसतं. डीआरएलची (दिवसा लागणाऱ्या दिव्याची) पट्टी मधूनच लुकलुकते. उजव्या दिव्यात सकाळी एका कोपऱ्याला नुसती वाफ धरते. गॅरेजमधून दोन सल्ले मिळाले: तळाला ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर काचेच्या कडेने सगळीकडून सिलिकॉन मारा. ड्रायव्हर मॉड्यूल (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) वाचवायचं असेल तर काय करावं? डीआरएलच्या वायरला मागे एक जोडही आहे.

तारजोड:
दोन्ही करू नका. आणि डावा दिवा सुकेपर्यंत लावू नका, त्याचा कप्लर (वायरचा प्लग) आजच काढून ठेवा. ओल्या पिनांवर १२ व्होल्ट चालू राहिले की पॉझिटिव्ह पिन झपाट्याने खाल्ली जाते, आणि खाडीकाठच्या खारट ओलीत तर आणखी लवकर.

आधी कारण समजून घ्या. दिवा तापला की आतली हवा फुगून बाहेर जाते, निवला की तेवढीच आत ओढली जाते. त्यासाठी कंपनीने मागे व्हेंट दिलेले असतात: वळवलेली रबरी नळी किंवा नाण्याएवढी पांढरी-काळी जाळीदार चकती. ही चकती हवा सोडते, पाणी अडवते. ती चिखलाने किंवा सिलिकॉनने बुजली की निवणारा दिवा हवा दुसरीकडून खेचतो, म्हणजे काचेच्या सांध्यातून किंवा मागच्या झाकणाच्या रबरातून. तिथे पाणी असेल तर पाणीच आत येतं. म्हणून नुसतं सिलिकॉन मारलेला दिवा पुढच्या पावसात पुन्हा भरतो.

भोकाचं म्हणाल तर तळाचं भोक चाकाने उडवलेलं पाणी आणि खारी हवा थेट आत घेतं. बऱ्याच दिव्यांत ड्रायव्हर मॉड्यूल तळालाच स्क्रूने बसवलेलं असतं, खाली त्याच्या ॲल्युमिनियमच्या पाकळ्या दिसतात. म्हणजे पाणी साचतं तिथेच तुमची सगळ्यात महागडी वस्तू.

उजव्या दिव्याला हात लावू नका. एलईडीची उष्णता मागच्या हीटसिंकमध्ये (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागात) जाते, काच थंडच राहते, त्यामुळे वाफ हॅलोजनपेक्षा जास्त वेळ टिकते. पाणी ओघळत नसेल आणि कोरड्या दिवशी वाफ जात असेल, तर तो बिघाड नव्हे.

डाव्याचं काम असं:

बॅटरीची निगेटिव्ह काढा, बंपर सैल करून दिवा बाहेर घ्या. मागची झाकणं उघडा, पाणी ओता. ड्रायव्हरचे स्क्रू काढून मॉड्यूल हळूच खाली घ्या आणि त्याच्या सॉकेटच्या पिना भिंगाखाली बघा. पिनेच्या बुडाशी हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दात घासायचा मऊ ब्रश. पिन अर्धी झिजली असेल तर साफ करून भागणार नाही, मॉड्यूलच बदलावं लागेल. मॉड्यूलचं गॅस्केट (रबरी सील) चपटं झालं असेल तर नवं घाला.

सुकवायला हेअर ड्रायर मंद ठेवा, हाताला सोसेल इतकाच गरम. मग दिवा २५० ग्रॅम सिलिका जेलसोबत जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून एक दिवस ठेवा. रिफ्लेक्टरला कापड लावू नका. त्यावरचा ॲल्युमिनियमचा मुलामा पुसला की परत येत नाही.

मग गळती शोधा. हे टाळून कुठलंही सीलंट लावण्यात अर्थ नाही. झाकणं लावा, एक व्हेंट सोडून बाकीचे टेपने बंद करा, उरलेल्यातून फुग्याच्या पंपाने अगदी हलकी हवा द्या आणि काचेच्या सांध्यावर साबणाचं पाणी ब्रशने फिरवा. बुडबुडे येतील ती जागा. चकतीच्या व्हेंटला साबण लागू देऊ नका, साबणाने भिजली की ती पाणी अडवत नाही. सगळे टेप आठवणीने काढा.

आडवाट:
सिलिकॉनबद्दल एक भर. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन दिव्यात नको, सुकताना त्यातून सुटणारं ॲसिटिक ॲसिड तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या, फटीपुरतं लावा, २४ तास सुकू द्या. फेविक्विक तर अजिबात नको, त्याची वाफ काचेला आतून पांढरी बुरशी आल्यासारखी बसते. पेट्रोल आणि थिनरही लांब ठेवा, दिव्याची काच असते त्या पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकला त्याने बारीक चिरा जातात.

खाडीकाठ:
आभार. पिना बघितल्या: दोन हिरवट, पण शाबूत. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे मात्र काचेला आले नाहीत, मागच्या झाकणापाशी एकच बारीक आला. मग एवढं पाणी आलं कुठून? सिलिका जेलची पुडी कायमची आत ठेवली तर?

तारजोड:
झाकणाचं रबर काढा, खाचेतली माती पुसा, रबराला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. तसंच ग्रीस कप्लरच्या रबरी सीललाही, फक्त पिनांच्या खाचा भरून टाकू नका.

पण माझा संशय डीआरएलच्या वायरच्या त्या जोडावर आहे. तारा पिळून वर काळी टेप गुंडाळली असेल, तर पाणी वायरच्या इन्शुलेशनच्या आतून, तांब्याच्या बारीक तारांमधल्या फटीतून दिव्यापर्यंत चढतं. कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढतं तसंच. काळी पडलेली तार कापून लख्ख तांबं लागेपर्यंत मागे जा, क्रिम्प करा (धातूच्या नळीत दाबून जोडा), वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी (तापवल्यावर आवळणारी) चढवा. दोन्ही टोकांतून गोंद बाहेर आलेला दिसला पाहिजे. आणि वायर कप्लरकडे जाण्याआधी खाली झुकती ठेवा, म्हणजे थेंब त्या झोकावरून गळून पडेल.

पुडी कायमची नको. ओल पिऊन ती लवकरच भरते, आणि फुटली तर दाणे प्रोजेक्टरच्या शटरमध्ये अडकतात.

आडवाट:
वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा दिव्याच्या कडेवर आणि बॉनेट उघडून मागच्या बाजूने मारू देऊ नका. रात्रीच्या लांब प्रवासानंतर दिवे बंद करून अर्धा तास थांबा, मगच पाणी.