अभिरूप ग्रामसभा घ्यायची आहे, पण नाटक नको

पारावरचा:
रासेयोचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं शिबिर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. गाव ९०० मतदारांचं. स्वयंसेवक ३० आणि गावातली १६ ते २० वयाची पंचवीसेक मुलं-मुली. अभिरूप (सरावाची) ग्रामसभा ठरतेय. कुणीतरी सरपंच व्हायचं, 'पाणी वाचवा'चा ठराव, टाळ्या, फोटो, एवढ्यावर संपू नये. २६ जानेवारीच्या खऱ्या सभेत ही मुलं तोंड उघडतील असं काय करता येईल?

नमुना_आठ:
विषय खोटा घेतला की सभाही खोटीच होते. त्याच गावचा अर्थसंकल्प (नमुना १), 'आमचं गाव आमचा विकास'चा आराखडा आणि मागच्या सभेचं इतिवृत्त, या तीन गोष्टींच्या प्रती आधी हातात हव्यात. प्राचार्यांचं पत्र घेऊन ग्रामसेवकांना (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) भेटा, बरेचदा तिथेच काम होतं. नाहीच झालं तर माहिती अधिकार: जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. मुदत ३० दिवसांची, म्हणजे अर्ज डिसेंबर लागताच पडायला हवा. शिबिराच्या आदल्या आठवड्यात जाग आली तर उपयोग नाही.

सत्रं तीन पुरतात, दीड-दीड तासाची. पहिल्यात पाच-पाच जणांना आराखड्याचं एकेक पान द्या आणि 'यातलं डोळ्यांनी बघता येईल असं एक काम शोधा' एवढंच सांगा. अख्खा आराखडा वाचायला दिलात की अर्ध्या तासात मोबाइल बाहेर येतात. दुसऱ्यात टेप घेऊन गावफेरी. तिसऱ्यात सभा.

खरी मेहनत प्रश्न घडवण्यात आहे. 'गटार का झालं नाही?' याला 'निधी नाही' हे उत्तर तयारच असतं. समजा, आराखड्यात शाळेसमोरचं गटार ८० मीटर धरलंय आणि टेपने ५५ भरलं. मग प्रश्न असा: 'उरलेल्या २५ मीटरचं काय?' याला आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं.

माजघर:
वयाचं आधी स्पष्ट करा. मतदार यादीत नाव असेल तोच ग्रामसभेचा सभासद. १७ पूर्ण झालेल्यांकडून नमुना ६ (मतदार नोंदणीचा अर्ज) आगाऊ भरून घेता येतो. अर्हता दिनांक (ज्या तारखेला १८ पूर्ण लागतात) आता वर्षात चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर.

अभिरूप सभेत गणपूर्ती (किमान उपस्थिती) मुद्दाम मोडा. नियम असा की एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी ती. तुमच्या गावात १५ टक्के म्हणजे १३५, म्हणून १०० लागतील. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. वीस माणसांत ठराव कसे होतात ते मुलांना तिथे कळतं.

मुलींसाठी: नियमित सभेआधी महिला सभा असते. तिथे एकदा आवाज फुटला की पुढचं सोपं जातं.

पारावरचा:
छान. पण सरपंच दुखावले तर पुढच्या वर्षी गावच मिळायचं नाही.

नमुना_आठ:
म्हणून बारा नाही, तीनच प्रश्न. चार-पाच दिवस आधी लेखी द्या आणि पोच घ्या. आयत्या वेळी विचारलं की हल्ला वाटतो. पहिला प्रश्न सौम्य ठेवा: स्वउत्पन्नातून दिव्यांगांसाठी ५ टक्के राखायचे असतात, ते यंदा कशावर खर्च झाले? रक्कम नमुना १ मध्येच सापडते.

आणि मागणी करताना निधीची जात बघा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत (मार्च २०२६ पर्यंत) ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बंधित, म्हणजे त्याच कामांसाठी राखीव होते. वाचनालय मागायचं तर अबंधित निधीतून, नाहीतर 'बसत नाही' म्हणून ते पहिल्याच मिनिटाला उडतं.

माजघर:
एक राहिलं. सभा संपल्यावर लगेच पांगू नका. प्रश्न इतिवृत्तात कोणत्या शब्दांत उतरला ते दोघांनी थांबून वाचायला मागा. 'विविध विषयांवर चर्चा झाली' एवढंच असेल, तर पूर्ण प्रश्न तिथल्या तिथे लिहून घ्यायला सांगा.