घर पार्ल्यात, पत्ता न्यू जर्सीचा: असलं स्मार्ट घर हवंय कुणाला?

पार्लेकरीण

वाद घालायलाच धागा काढतेय, तेव्हा गोडगोड बोलायची गरज नाही.

भाऊ न्यू जर्सीतल्या एडिसनला असतो. गणपतीत आला तो एक अख्खी बॅग 'स्मार्ट' सामानाने भरून. बोलणारा स्पीकर, चार प्लग, दोन बल्ब, दाराचं कुलूप आणि (हसू नका) थर्मोस्टॅट. हीटर चालू-बंद करायचा असतो तो. पार्ल्यात.

स्पीकरचं हे मॉडेल भारतात विकत नाहीत. इथला पत्ता टाकला की ॲप पुढे सरकेना, म्हणून भावाने स्वतःचा पत्ता टाकला. टाइमझोनच्या यादीत सगळी अमेरिका, आपण कुठेच नाही. 'चालतंय की' म्हणाला आणि विमानात बसला.

पहिला प्लग पहिल्याच दिवशी फट् करून गेला. मग लोहार चाळीतून २३० चे ११० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर आणला, अडीच किलोचा. त्यावर आता देवघराशेजारच्या टेबललॅम्पमधला दहा वॅटचा बल्ब जळतो. रात्री सगळं शांत झालं की ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, तो भाग वेगळा.

तिन्हीसांजेला सातला दिवा लागावा असं भावाने लावून दिलं. आमचे सात नव्हेत हो, त्यांचे सात. म्हणजे इथे पहाटेचे साडेचार! आई म्हणाली, काकडआरतीला उठवतंय, राहू दे. बरं, तेवढ्यावर भागलं असतं, पण नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे गेली आणि आमचा काकडा साडेपाचवर आला. कुणीही काहीही केलेलं नसताना.

माझं म्हणणं एवढंच. जी वस्तू आपला देश मानायलाच तयार नाही, तिच्यापुढे 'मी न्यू जर्सीत राहते' अशी खोटी साक्ष द्यायची कशाला? आज टाइमझोन, उद्या एखादं अपडेट येईल आणि दिवाच लागणार नाही. तक्रार कुणाकडे करायची, एडिसनच्या नगरपालिकेकडे?

बे एरिया रिटर्न

रडगाणं आवडलं, पण मुद्दा पटला नाही.

अहो, सुरुवातीला सगळेच असं करत होते. ॲमेझॉनचा एको (अलेक्सावाला बोलणारा स्पीकर) अमेरिकेत २०१४ ला आला, भारतात ऑक्टोबर २०१७ ला. गूगल होम इथे एप्रिल २०१८ मध्ये. मधली तीन वर्षं आम्ही काय हात जोडून बसायचं होतं? मी तेव्हा पिनकोडच्या जागी ९०२१० टाकायचो, बेव्हर्ली हिल्सचा. अख्ख्या गोरेगावात एकटाच बेव्हर्ली हिल्सवाला. पाऊस विचारला तर 'आज लख्ख ऊन' सांगायचा, मी खिडकीतून बाहेर बघायचो. बिघडलं काय?

दुसरं म्हणजे, भावाने नीट लावून दिलं नाही याचा राग वस्तूवर कशाला? सातचा दिवा साडेनऊ तासांचं गणित करून सकाळी साडेनऊला लावायला सांगायचा. झालं.

पार्लेकरीण

हो, आणि थंडीत साडेआठला. वर्षातून दोनदा पंचांग बघून मी दिव्याची वेळ बदलू? एवढ्यात उठून बटण दाबलं नसतं का?

सहस्रबुद्धे काका

तेच म्हणतो. बटण आहे. हात आहे. पुढे?

वायरमन लालबाग

ताई, ट्रान्सफॉर्मरचं आधी सांगतो. तो व्होल्ट उतरवतो, पण हर्ट्झ बदलत नाही. तिकडे ६०, इथे ५०. बल्बला फरक पडत नाही, पण मोटरचं काही त्याच्यावर लावू नका. आणि उरलेल्या तीन प्लगांवर मागे बारीक अक्षरात बघा. १२० लिहिलं असेल तर थेट लावायचा विचारही नको. १०० ते २४० लिहिलेलं असतं ते आपल्याकडे चालतं. स्पीकरच्या अडॅप्टरवर बहुतेक तेच असतं, म्हणून तो जिवंत आहे.

वाय-फायचंही असंच. अमेरिकेतली उपकरणं २.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनल १ ते ११ वरच ऐकतात. आपल्याकडे १२ आणि १३ पण चालतात. राउटर 'ऑटो'वर असला आणि रात्री सरकून १३ वर गेला की सकाळी प्लग बेपत्ता. लोक म्हणतात वस्तू खराब निघाली. राउटर १, ६ किंवा ११ वर बांधून टाका.

कुलूप बसवलंत का? कुठल्या रेडिओवर चालतं ते?

पार्लेकरीण

नाही बसवलं. खोक्यावर झेड-वेव्ह लिहिलंय. भाऊ म्हणाला बॅटरीवर चालतं, व्होल्टेजची भानगडच नाही. सुतार येऊन गेला. दाराला ५४ मिलिमीटरचं भोक पाडावं लागेल म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी चहा देऊन पाठवलं त्याला.

वायरमन लालबाग

चहा वाया गेला नाही. बसवूच नका.

स्मार्ट वस्तू एकमेकांशी बोलतात त्या बिनतारी पद्धती दोन, झिगबी आणि झेड-वेव्ह. झिगबी जगात सगळीकडे २.४ गिगाहर्ट्झवर असतं, ते चालून जातं. झेड-वेव्ह मात्र देशाप्रमाणे बदलतं. अमेरिकन ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतं, भारतातलं ८६५ वर. आपल्याकडे विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८ आहे. आणि ८९० ते ९१५ या पट्ट्यात आपले मोबाइल टॉवरशी बोलतात. म्हणजे तुमचं कुलूप लोकांच्या मोबाइलच्या गल्लीत उभं राहून ओरडणार. परवानगी नाही ती नाहीच. शिवाय इथे घेतलेला हब, म्हणजे या वस्तूंना जोडणारी मधली पेटी, त्याला ऐकणारच नाही, तो ८६५ वर कान लावून बसलाय.

हे काही सेटिंगने बदलत नाही, रिटर्नसाहेब. ९०२१० टाका नाहीतर पार्ल्याचा ४०००५७.

बे एरिया रिटर्न

कुलुपाचं मान्य. १२० व्होल्टच्या प्लगचंही मान्य, ते भावाला कळायला हवं होतं. पण 'देश यादीत नाही' आणि 'वीज जुळत नाही' यांची खिचडी करू नका. स्पीकर उत्तम चालतोय, फक्त त्याचं घड्याळ चुकलंय. यादीत देश येईपर्यंत वाट बघणाऱ्यांना तरी काय मिळालं? अलेक्सा हिंदी शिकली सप्टेंबर २०१९ मध्ये. आता इथे, मुंबईत, रीतसर पावती घेऊन विकत घेतलेल्या स्पीकरच्या भाषांच्या यादीत मराठी शोधून दाखवा. देश यादीत आला. तुम्ही आलात का?

गिरगाव ते गोराई

बोचलं. फोनवरच्या गूगल असिस्टंटला २०१८ पासून मराठी येतं, मग स्पीकरला काय होतं हे मलाही कळलेलं नाही. आमच्या आत्याला यंत्राशी हिंदीतच बोलायचं असतं असं वाटतं. 'भीमसेन जोशी का अभंग लगाओ जी.' जी! सख्ख्या जावयालाही कधी म्हणाली नाही.

कुकरची शिट्टी झाली की मात्र ते आपोआप जागं होऊन 'मुझे समझ में नहीं आया' म्हणतं. आत्या म्हणते, बाई, मी नाही, कुकर बोलला.

ईएसपी ठाणेकर

एवढं भांडताय तर मधला रस्ता आहे. होम असिस्टंट. २०१३ पासून चालू असलेलं मोफत सॉफ्टवेअर. घरातल्याच एका छोट्या कॉम्प्युटरवर चालतं, तुम्ही कुठल्या देशात आहात हे कुणाला कळवायची गरज नाही. टाइमझोन आशिया/कोलकाता, सूर्यास्त तुमच्या छपरावरचा. 'तिन्हीसांजेला दिवा' हे सूर्यास्ताला बांधता येतं, सातचं बंधनच नाही. जूनमध्ये मुंबईत सूर्य सव्वासातनंतर मावळतो, नोव्हेंबरात सहाच्या सुमारास. दिवा आपोआप मागेपुढे होतो. इंटरनेट गेलं तरी चालतं.

मराठीही बोलते माझी होम असिस्टंट. म्हणजे ठरावीक वाक्यं मी स्वतः लिहून दिली आहेत. 'दिवा लाव', 'दिवा लाव गं', 'लाइट लाव', 'बत्ती कर'. आवाजाचं अक्षरांत रूपांतर करायला मोफत मॉडेल आहेत. छोटं घेतलं तर 'पंखा'चा 'पंखी' करतं, मोठं घेतलं तर कॉम्प्युटर तापतो. मी 'पंखी' पण यादीत घालून टाकलं.

सामान लॅमिंग्टन रोडला मिळतं. स्विचबोर्डच्या मागे बसणारे रिले (दुरून चालू-बंद करता येणारे छोटे स्विच) घ्या. आपल्या बोर्डात प्लग पॉइंट असतो, म्हणजे न्यूट्रल (विजेची परतीची तार) बहुतेक तिथेच येऊन थांबलेला असतो. तिकडे लोक त्या एका तारेसाठी भिंती फोडतात. बटण पूर्वीसारखंच चालतं, काकांनाही चालेल.

वायरमन लालबाग

रिले ठीक. पण साहेब, तुम्ही गावाला गेल्यावर हे सगळं कोण बघतं?

ईएसपी ठाणेकर

...एप्रिलमध्ये आठ दिवस सावंतवाडीला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी मेमरी कार्ड मेलं. बायकोचा फोन आला, 'तुझी ती बाई वारली.' आता कार्ड काढून एसएसडी लावलीय.

सहस्रबुद्धे काका

बटण वारत नाही.

बाबांची लेक

वाचत होते, लिहिणार नव्हते. पण शीर्षकात 'हवंय कुणाला' असं विचारलंय म्हणून लिहिते.

दीड वर्षापूर्वी बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. बटण आहे हो काका, पलंगापासून सात पावलांवर. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, हिंदीचं त्यांना काही वाटत नाही. जीभ जड झालीय, त्यामुळे चारदा सांगितलं की दोनदा कळतं त्या डबीला. पण दोनदा कळतं. पंखा स्वतः लावतात, स्वतः बंद करतात. डबी इथलीच, साधी, चेंबूरच्या दुकानातून घेतलेली.

रात्री त्यांना झोप लागत नाही. दर तासाला विचारतात, 'टाइम कितना हुआ?' आधी आईला उठवायचे. आता त्या डबीला विचारतात. दोन वाजले, तीन वाजले. आईला झोप मिळते.

त्यामुळे रिटर्नसाहेब, 'फक्त घड्याळ चुकलंय' असं तुम्ही लिहिलंत ना, ते मला जमलं नसतं. रात्री तीनला कुणी बाबांना संध्याकाळचे साडेपाच वाजलेत असं सांगितलं असतं तर.

बे एरिया रिटर्न

हो. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझा प्रयोग हौसेचा होता, चुकला तर हसायला व्हायचं. आजारी माणसाच्या खोलीत इथल्या खात्यावर चालणारंच घ्यावं, हे मान्य. बाकी घरात मी जुगाड करणारच, त्यावर ठाम आहे.

पार्लेकरीण

बाबांची लेक, शीर्षक आता बदलता येत नाही, नाहीतर बदललं असतं. 'हवंय कुणाला' हे मी माझ्या धडधाकट गुडघ्यांच्या जोरावर लिहिलं. आवाजावर चालणाऱ्या वस्तूंशी माझं भांडण नाहीच. रिटर्नसाहेबांशी मात्र मतभेद कायम. नीट लावून दिलं असतं तर चाललं असतं, हे मला पटत नाही, कारण नीट लावायला मला न्यू जर्सीतच राहावं लागणार आहे.

ठरलंय ते असं. कुलूप आणि थर्मोस्टॅट भावाच्या मित्राबरोबर डिसेंबरात परत. टेबललॅम्पला इथला साधा बल्ब. स्पीकर स्वयंपाकघरात, फक्त 'वीस मिनिटांनी सांग' यासाठी. कुठल्याही देशातली वीस मिनिटं वीसच असतात. रिले लावायला वायरमनदादा पार्ल्यात येतात का, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आईला सांगितलं की पहाटेचा दिवा आता बंद होणार. ती म्हणाली, 'का? मला सवय झालीय.'

ट्रान्सफॉर्मर कुणाला हवाय का? लोहार चाळीत परत घेत नाहीत.

वायरमन लालबाग

येतो. रविवारी, मेगाब्लॉक बघून. ट्रान्सफॉर्मर ठेवा, तांब्याचं वाइंडिंग असेल तर मी नेतो. आणि आईंना पहाटेचा दिवा हवा असेल तर रिलेत साडेचारची वेळ टाकून देतो. आपले साडेचार.