पाणघोड्यांच्या डोहात पंपाचं पाणी सोडावं का?

कोरडवाहू (धागाकर्ता)

२०२४ च्या एप्रिलमध्ये बोत्सवानातले फोटो जगभर फिरले. थामालाकाने नदी आटली, माउन गावाजवळच्या डोहांत नुसता चिखल उरला आणि त्यात पाणघोड्यांचे कळप एकमेकांना खेटून रुतलेले. पाणी नसलं की त्यांच्या कातडीला भेगा पडतात, म्हणून ते दिवसा पाणी सोडत नाहीत. तेव्हापासून जो तो म्हणतोय, बोअर मारा, पंप लावा, जीव वाचवा.

मला हे पटत नाही. पाणघोडा रात्री बाहेर पडून गवत खातो. तुम्ही डोह भरत राहिलात की जनावरं तिथून हलत नाहीत, भोवतालचं गवत बुडख्यापर्यंत संपतं, आणि तहानेने मरायची ती भुकेने मरतात.

शिवाय थामालाकानेला पाणी येतं ते ओकावांगोचं, आणि ओकावांगो ही समुद्राला न मिळणारी नदी. पाऊस पडतो अंगोलाच्या पठारावर. ते पाणी क्युबांगो आणि क्विटो या नद्यांमधून येतं, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडून मोहेंबोला बोत्सवानात शिरतं आणि कालाहारीच्या वाळूत पसरतं. उतार नसल्यासारखाच, त्यामुळे पुराला माउन गाठायला काही महिने लागतात. पोचतो तेव्हा तिथे ऐन कोरडा हंगाम असतो. आलेल्या पाण्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त उन्हाने आणि झाडापाल्यातून हवेत जातं. अशा ठिकाणी एका वर्षी पाणी आणि एका वर्षी ठणठणाट हे चालायचंच. बोत्सवानातलाच सावुतीचा प्रवाह १९८० च्या दशकात आटला तो २०१० च्या सुमारास परत वाहिला. 

भटकभवानी

"निसर्गाला त्याचं काम करू द्या" हे ऐकायला छान आहे हो, पण तिथे निसर्ग मोकळा राहिलाय कुठे? पूर्वी दुष्काळ पडला की जनावरं शेकडो किलोमीटर चालून पाण्यापाशी जायची. १९५८ पासून कालाहारीच्या उत्तरेला कुकेचं तारेचं कुंपण आणि मग त्याची भावंडं उभी राहिली. कशासाठी? रानरेड्यांची लाळ-खुरकूत गुरांना लागू नये आणि बीफ युरोपात विकता यावं. कालाहारीतले विल्डबीस्ट दुष्काळात पाण्याकडे निघाले आणि तारेपाशी हजारोंनी मेले. वाट आपण अडवली, तर पाणी द्यायची जबाबदारीही आपली. ते धर्मादाय नव्हे, भरपाई आहे.

कोरडवाहू

मग कुंपणं काढा की! कुंपण तसंच ठेवून आत पंप लावायचा, ही भरपाई कसली?

तिरपागडा

काढा म्हणे. ज्याच्या घरची सगळी पुंजी गोठ्यात आहे त्याला एकदा विचारून या. एक साथ आली की निर्यात बंद, भाव कोसळला.

चंद्रपूरकर

आपल्याकडे ताडोब्यात उन्हाळ्यात वनखातं पाणवठे भरतंच ना? सौर पंप आहेत, जमेल तिथे टँकर. त्यावर कोणी तत्त्वज्ञान झाडत नाही. आफ्रिकेची गोष्ट निघाली की लगेच जनावरांनी कणखर व्हावं अशी अपेक्षा.

कोरडवाहू

चंद्रपूरकर, ताडोब्यात वाघ-सांबर पाण्यासाठी बाहेर पडले की थेट गावात येतात, तिथला हिशेब वेगळा. आफ्रिकेतलंच उदाहरण घ्या. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर भागात बोअर मारून पाणवठे केले. पाण्यामागे झेब्रे आले, झेब्र्यांमागे सिंह, आणि आधीच मोजके असलेले रोन हरीण जवळपास संपले. नंतर त्यातले बरेच पाणवठे बंद करावे लागले.

पाणकोंबडी

तुम्ही सगळे पाणघोडे आणि सिंहांवरच बोलताय. त्या पाण्यावर माणसं जगतात, त्यांचं काय? पूर ओसरला की ओल धरलेल्या जमिनीत मका-ज्वारी पेरतात, त्याला तिकडे मोलापो म्हणतात. खानदेश-विदर्भातल्या नदीकाठच्या माणसाला ही शेती सांगायला नको. पूर आलाच नाही तर पेरणार कशात? मासे नाहीत, छपराला लव्हाळे नाहीत. बायका पाण्यात उतरून कमळाचे कंद उपटतात, मांसाबरोबर शिजवतात, बाजारात विकतात. डबकं सुकलं की तेही गेलं. मोकोरो नावाची होडी लांब काठीने रेटत पर्यटक फिरवणाऱ्यांची होडी कोरड्यावर.

आणि वर हत्ती. बोत्सवानात १ लाख ३० हजारांच्या आसपास आहेत. ओकावांगोच्या वरच्या चिंचोळ्या भागात, पूर्व काठाच्या गावांमध्ये, जितकी माणसं जवळपास तितकेच हत्ती. दुष्काळात दोघांची वाट एकाच पाण्याकडे जाते, अंधारात गाठ पडली की माणूस जातो. २०२४ मध्ये तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मासिसी, शिकारीच्या ट्रॉफींच्या आयातीवर बंधनं आणू पाहणाऱ्या जर्मनीला म्हणाले, २० हजार हत्ती पाठवतो, सांभाळून दाखवा. लोक हसले. मला त्यात चूक काही दिसली नाही. त्याच वर्षी शेजारच्या नामिबियाने दुष्काळग्रस्तांना मांस मिळावं म्हणून ७२३ वन्य प्राणी मारायचं ठरवलं, त्यात ८३ हत्ती होते. इथे बसून त्यांना क्रूर म्हणणाऱ्यांनी आधी तिथल्या माणसाच्या ताटात काय आहे ते पाहावं.

भटकभवानी

पाणकोंबडी, सगळं मान्य. पण हत्ती मारून पूर येणार नाही. पाणी अंगोलात आहे. तिथे युद्ध २००२ ला थांबलं, आता धरणं, सिंचन, शेती सगळंच हवंय, आणि तो त्यांचा हक्कही आहे. नव्वदच्या दशकातल्या दुष्काळात नामिबियाने याच नदीतून आपल्या राजधानीकडे, विंडहुककडे पाणी न्यायचा बेत आखला होता. तिन्ही देशांचा ओकॅकॉम आयोग १९९४ पासून आहे, पण तो सल्ला देतो, नळ बंद करू शकत नाही. खरी मारामारी तिकडे होणार आहे. आपण इथे पंपावर भांडतोय.

कोरडवाहू

तेच तर म्हणतोय. पंप लावला की फोटो छान येतो, देणगी येते, आणि वरच्या धरणाबद्दल कोणी विचारत नाही.

चंद्रपूरकर

आणि पंप नाही लावला की वरचं धरण थांबतं का?

कोरडवाहू

नाही थांबत. पण पंपाचा खर्च करायचाच असेल तर गावच्या गुरांच्या हौदावर करा. गुरं नदीवर गेली नाहीत तर तेवढी हत्तीशी गाठ टळेल.

तिरपागडा

आणि हौदावर हत्ती आला की?