इन्कम टॅक्स ट्रिब्युनलच्या ऑर्डरमध्ये चूक, एमए (ट्रिब्युनलकडेच चूक दुरुस्तीचा अर्ज) टाकावी की हायकोर्टात जावं?

इतवारी_होलसेल: नमस्कार मंडळी, नोटबंदीच्या वेळी बँकेत भरलेली आमच्या दुकानाची कॅश उत्पन्नात धरली होती, आता आयटीएटीतही (इन्कम टॅक्स ट्रिब्युनलमध्ये) अपील हरलो. ऑर्डरमध्ये एका ठिकाणी बेरीज चुकली अन् सुनावणीत दिलेल्या बॉम्बे हायकोर्टाच्या निकालाचा तर उल्लेखच नाही. कॅश बुकही नीट पाहिलं नाही असं वाटतं. वकील सांगून राहिले की एमए टाकू, पूर्ण ऑर्डर रिकॉल करून (मागे घ्यायला लावून) केस नव्यानं लढू. होते का असं? बाबांनी टेन्शन घेतलं आहे खूप.

धरमपेठ_सीए: पूर्ण केस नव्यानं? नाही भाऊ. इन्कम टॅक्स कायद्याच्या कलम 254(2) खाली रेकॉर्डवरून उघड दिसणारी चूकच दुरुस्त होते. व्होलकार्ट ब्रदर्सच्या केसमध्ये 1971 सालीच सुप्रीम कोर्टानं सांगितलं, जी दाखवायला लांबलचक युक्तिवाद लागतो अन् जिच्यावर दोन मतं होऊ शकतात ती उघड चूक नव्हे. तुमची बेरीज लगेच दुरुस्त होईल. हायकोर्टाच्या निकालाचा मुद्दाही दमदार आहे, सुप्रीम कोर्टाचे होंडा सिएल (2007) अन् सौराष्ट्र कच्छ स्टॉक एक्सचेंज (2008) हे दोन्ही निकाल वाचा, फक्त तो निकाल तुमच्या केसला खरोखर लागू पाहिजे. कॅश बुकबद्दल ऑर्डरमध्ये काय लिहिलं आहे?

इतवारी_होलसेल: एकच ओळ आहे सर, "सादर केलेली कागदपत्रं समाधानकारक नाहीत".

धरमपेठ_सीए: मग ते एमएत नका घालू. पाहिलं पण पटलं नाही, असा अर्थ होतो त्याचा. रिलायन्स टेलिकॉमच्या केसमध्ये ट्रिब्युनलनं एमएवर आपली अख्खी ऑर्डर रिकॉल केली होती, सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2021 मध्ये ते रद्द केलं, ऑर्डर चुकीची वाटते तर हायकोर्टात अपील करा म्हणाले.

सदर_वकील: दादा, मुदत आधी बघा!! एमएला ऑर्डर झाली तो महिना संपल्यापासून 6 महिने मिळतात (2016 च्या दुरुस्तीआधी 4 वर्षं होती म्हणून जुने लोक अजून निवांत राहतात), पण कलम 260ए च्या, म्हणजे हायकोर्टातल्या अपिलाला ऑर्डर हातात पडल्यापासून 120 दिवसच, अन् एमए टाकली म्हणून ते दिवस थांबत नाहीत, इथंच लोक फसतात अन् मग उशीर माफ करा म्हणून हायकोर्टापुढे हात जोडत बसावं लागतं. तुम्ही दोन्ही तयारी सोबतच करा. अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागतो, नुसतं कॅश बुक पुन्हा तपासा म्हटलं तर ॲडमिटच होणार नाही, त्यामुळे लागू असलेला निकाल बघितलाच नाही हे तिथेही पुढे ठेवा. ऑर्डर कधी मिळाली?

इतवारी_होलसेल: तीन महिने होऊन गेले ताई. उद्याच सिव्हिल लाइन्सला वकिलांकडे जाऊन अपिलाचं बोलतो.