विक्का पंथीय हॅलोवीनची रात्र कशी पाळतात?

प्रश्न
नमस्कार. मी इंग्लंडमध्ये राहते. शेजारच्या बाई विक्का या निसर्गपूजा आणि चेटूकविद्या मानणाऱ्या आधुनिक पंथाच्या असून त्यांनी ३१ ऑक्टोबरच्या, म्हणजे हॅलोवीनच्या, रात्री मला जेवायला बोलावले आहे. हे जेवण मौन पाळून करायचे असते आणि येताना घरातील एखाद्या दिवंगत व्यक्तीचे छायाचित्र आणावे, एवढेच त्यांनी सांगितले. त्यांच्या दृष्टीने या रात्रीचा आध्यात्मिक अर्थ काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
विक्का पंथात वर्षाचे आठ सण मानले जातात. त्यांपैकी हा सॉइन, म्हणजे सुगीचा तिसरा आणि शेवटचा सण, आणि अनेकांसाठी नववर्षाचा आरंभही. धान्य आणि फळे घरात आलेली असतात, गुरे कुरणांवरून परतलेली असतात आणि हिवाळा सुरू होत असतो. पंथाच्या प्रचलित कथेनुसार देव या काळात मृत्यू पावतो, देवी वृद्धेच्या रूपात शोक करते आणि डिसेंबरमधील यूल सणाला त्याच देवाला पुन्हा जन्म देते. त्यामुळे मृत्यू हा येथे ऋतुचक्रातील एक टप्पा ठरतो, आणि जिवंत व मृत यांच्यातील पडदा या रात्री सर्वांत विरळ असतो अशी श्रद्धा आहे. ऑस्ट्रेलियातील बरेच विक्कापंथीय हाच सण एप्रिलअखेरीस पाळतात, कारण तेथे शरद ऋतू तेव्हा असतो.

प्रतिसाद २
मौनभोजनात मृतांसाठी एक आसन राखून ठेवतात, त्यांचे पान आधी वाढतात आणि जेवण संपेपर्यंत कोणी बोलत नाही. बोलण्याला वाव नसल्यामुळे गेलेल्या माणसाच्या आठवणीपासून मनाला पळ काढता येत नाही, आणि मला हाच या विधीचा गाभा वाटतो. आपल्या सर्वपित्री अमावास्येशी साम्य जाणवेल. मात्र येथे पितृऋण फेडण्याचे बंधन नसते आणि पुरोहितही लागत नाही. पूर्वजांना आमंत्रण दिले जाते, त्यांच्यावर हुकूम चालवला जात नाही. काही जण नंतर पाण्याच्या भांड्यात किंवा काळ्या आरशात एकटक पाहून येत्या वर्षाचे संकेत शोधतात. सॅन फ्रान्सिस्कोत १९७९ पासून होणाऱ्या ‘स्पायरल डान्स’ या मोठ्या सामूहिक विधीत वर्षभरात निधन पावलेल्यांची नावे उच्चारली जातात.

प्रतिसाद ३
एक ऐतिहासिक भान असावे. सॉइन हा आयर्लंडमधील जुना सण आहे, परंतु विक्का हा पंथ विसाव्या शतकातील आहे. इंग्लंडमधील चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाल्यानंतर जेराल्ड गार्डनर या इंग्रज लेखकाने हा पंथ लोकांसमोर आणला. विधी नवा आहे म्हणून तो खोटा ठरत नाही, कारण तो करणाऱ्यांचा शोक खरा असतो. भोपळ्यांचे दिवे आणि मुलांचे मुखवटे ही हॅलोवीनची लोकप्रथा आहे. अनेक विक्कापंथीय घरांत तीही आनंदाने पाळली जाते, मात्र विधी वेगळा ठेवतात. आपण शाकाहारी असाल तर बाईंना आधीच कळवावे, आणि ज्यांचे छायाचित्र नेणार आहात त्यांच्या आवडीचा एखादा पदार्थ आणलेला चालेल का, हेही विचारून घ्यावे.